कळशीचे कूळ

पंधरा वर्षे प्लास्टिक वितळवण्यात घालवलेल्या माणसाला प्लास्टिक कशाचे होते हे ठाऊक नसावे, ही गोष्ट त्या संध्याकाळपर्यंत जयवंतला स्वतःलाही कधी खटकली नव्हती. साकीनाक्याच्या एका लांबट, पत्र्याच्या गाळ्यात तो आणि त्याचा भागीदार लिओनार्ड बादल्या, मग आणि कळश्या काढीत असत. गोण्यांतून प्लास्टिकचा दाणा येई, यंत्रात वितळे, साच्यात फुगे आणि कळशीचे रूप घेऊन बाहेर पडे. तांदळामागे शेत असते हे जयवंतला माहीत होते; दाण्यामागे काय असते, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

विचारले ते वनमालाबाईंनी, म्हणजे त्याच्या सासूबाईंनी. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, गौरी यायला पंधरवडा उरला असताना.

वनमालाबाई मूळच्या देवगडकडच्या. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून एकही वर्ष न चुकवता गौरीचे पाणी त्यांनी स्वतः आणले होते. डोंगराखालच्या देवळामागे एक विहीर आहे. त्या विहिरीवर तेरड्याची गौर पुजायची, कळशीभर पाणी घ्यायचे, आणि परतताना वाटेत कोणीही, कोणाशीही, एक शब्द बोलायचा नाही, असा त्यांच्या घरचा शिरस्ता. पण यंदा वैशाखात न्हाणीत पाय घसरून त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले, हाड सांधले. गेलेला जोर मात्र परतला नाही. तांब्याची कळशी रिकामीच जड, भरली तर विचारायलाच नको. यंदा पाणी सुगंधा आणील, असे घरात ठरून गेले. सुगंधा ही त्यांची लेक आणि जयवंतची बायको. वनमालाबाईंनीही त्याला मान डोलावली होती. पण एका रविवारी जयवंत आत पाणी प्यायला गेला, तेव्हा त्याने पाहिले, की त्यांनी चिंचेने लखलखीत घासलेली कळशी डाव्या हाताने उचलून कडेवर घेतली, क्षणभर तशाच उभ्या राहिल्या आणि पुन्हा खाली ठेवली.

त्याने ते कोणाला सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गाळ्यातले यंत्र थांबवले आणि आधीच्या हिरव्या रंगाचा अंशही पोटात राहू नये म्हणून कोरा दाणा घालून ते धुऊन काढले. चार कळश्या हिरवट निघाल्या, दोन पिवळसर निघाल्या. त्या त्याने बाजूला टाकल्या. एरवी त्यांच्या मालात भंगाराचा चुरा मिसळलेला असे; ह्या कळशीत त्याने नव्या गोणीतल्या दाण्याखेरीज काहीही पडू दिले नाही. शेवटी जी निघाली ती शंखासारखी पांढरी होती. तीच त्याने सासूबाईंच्या पुढ्यात ठेवली.

वनमालाबाईंनी ती उचलून पाहिली. त्यांच्या मुद्रेवर जे उमटले, त्यासाठीच त्याने सारा उपद्व्याप केला होता. पण ते फार वेळ टिकले नाही.

"हलकी आहे," त्या म्हणाल्या. "कशाची?"

"प्लास्टिकची."

"ते दिसतंय मला. प्लास्टिक कशाचं?"

"दाण्याचं."

"आणि दाणा?"

कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचणारे दशरथराव, जयवंतचे सासरे, पानाआडून म्हणाले, "सापडला जावई."

जयवंतने सांगितले ते एवढेच, की दाणा ठाणे-बेलापूरच्या बाजूने गोण्यांतून येतो. वनमालाबाईंचे तेवढ्याने समाधान होणार नव्हते, कारण त्यांच्या मनात ह्या प्रश्नाचे उत्तर आधीच तयार होते. कुर्ल्याला राहत असताना त्यांच्या शेजारचा गुणाजी कंगव्यांच्या कारखान्यात कामाला होता. देवनारच्या कत्तलखान्यातून तिथे शिंगे आणि हाडे येत. ती कापून, घासून त्यांच्या फण्या आणि बटणे होत, तीही अशीच पांढरी आणि तुळतुळीत. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला यंत्राची पूजा होती म्हणून त्या साकीनाक्याला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी उघड्या गोणीत डोकावले होते. आत पांढरे, टणक, निर्जीव तुकडे. त्यांनी हात लावला नव्हता आणि कोणाला काही विचारलेही नव्हते. मनाशी मात्र ताळा जुळवून टाकला होता. लेकीच्या संसाराचे पोट त्यावर चालते आहे, तेव्हा बोलण्यात अर्थ नव्हता. पण गौरीच्या पाण्याची गोष्ट वेगळी होती.

"राग मानू नका, जावईबापू," त्या म्हणाल्या. "हाड देवापुढे नाही चालायचं."

मग त्यांनी ती कळशी बाहेर गॅलरीत नेली आणि चपलांच्या शेजारी ठेवली; तथापि जावयाने आणलेली वस्तू, म्हणून तिच्याखाली पाट मांडला.

घरी परतताना सुगंधा वैतागून म्हणाली, "अहो, सरळ सांगायचं ना, हाडाचं नाही म्हणून."

"मला माहीत असतं, तर सांगितलं असतं," जयवंत म्हणाला. खोटे बोलून ती कळशी विहिरीवर नेता आली असती. पण मग ती सासूबाईंनी स्वतः समजून नेली, असे त्याला म्हणता आले नसते.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात त्याने लिओनार्डपुढे ही अडचण मांडली. लिओनार्ड मरोळ गावठाणातला, जुन्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातला. त्याच्या आजाची भातशेती जिथे होती तिथे आता कारखाने उभे होते, आणि ह्या गोष्टीचा त्याला राग नव्हता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि तो इतका हसला, की त्याला यंत्राला टेकावे लागले.

"अरे येड्या, रोज हुंगतोस काय मग तू?"

प्रश्न रास्त होता. भंगाराचा धंदा करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. प्लास्टिकचा तुकडा कोणत्या जातीचा, हे नुसते पाहून सांगता येत नाही. म्हणून तो पेटवायचा, फुंकर घालून विझवायचा आणि उठणारा धूर हुंगायचा. एकाचा धूर नाकाला झोंबतो, एकाला केस जळल्यासारखी दुर्गंधी येते. कळशीच्या जातीचे प्लास्टिक मात्र थेंब थेंब गळत शांतपणे जळते आणि विझताना त्याला नुकत्याच मालवलेल्या मेणबत्तीचा वास येतो. शिवाय हा तुकडा पाण्यात टाकला तर बुडत नाही. ह्या दोन खुणांवर जयवंतने टेम्पोच्या टेम्पो माल निवडला होता. मेणबत्तीचाच वास का, हा प्रश्न मात्र त्याच्या नाकापर्यंत येऊन तिथेच थांबला होता.

"हाडाचं असतं तर केसांचा वास नसता आला?" लिओनार्ड म्हणाला. "आणि मेणबत्तीचंच म्हणशील, तर चल, माझ्या आईला विचारू."

लिओनार्डची आई बेटी पावसाळ्याच्या अखेरीस वांद्र्याच्या चर्चमधल्या माउलीच्या जत्रेसाठी मेणबत्त्या करून विकत असे. नवसाच्या वस्तूही करी: मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाचे पाळण्यातले बाळ. ज्याचे जे दुखत असेल किंवा ज्याला जे हवे असेल, त्याने ते माउलीला वाहायचे. दोघे संध्याकाळी मरोळला गेले, तेव्हा ती ओसरीवर साचे उघडत बसली होती. तिने जयवंतला चहा दिला आणि मेणाची एक लादी दाखवली. पूर्वी मधमाश्यांचे मेण असे, ते आता परवडत नाही. आताचे मेण पेट्रोलवाल्यांकडून येते, खनिज तेल गाळताना तेच खाली उरते, असे तिने सांगितले. जयवंतने लादी नाकाशी नेली, मग खिशातला दाणा चिमटीत धरून पेटवला आणि विझवला. बेटीने धूर हुंगला आणि डोके हलवून मान्य केले, की दोघे एकाच घरचे दिसतात. पाहुणा निघाला, तेव्हा सासूबाईंचे कोणते मनगट दुखते हे विचारून तिने त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला एक मेणाचा उजवा हात ठेवला. माउलीला वाहायला जमले नाही तर घरात ठेव म्हणाली.

गणपतीच्या आदल्या रविवारी जयवंत पुरावे घेऊन घाटकोपरला गेला. पुरावे म्हणजे काड्यापेटी, दाण्यांची पुडी, एक मेणबत्ती आणि चोरबाजारातून लिओनार्डने शोधून आणलेली एक मोडकी शिंगाची फणी. वनमालाबाई सोमवारच्या पूजेसाठी देवळात द्यायचा मोगऱ्याचा हार ओवीत होत्या. बोटे चालती राहिली की मनगट मोकळे होते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. त्यांचा मुलगा नंदकुमारही आला होता. तो मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवी, आणि समोरचा माणूस कोणत्या वयाचा आहे हे न पाहता शिकवी.

जयवंतने फणीचा दात मोडून पेटवला. घरभर केस जळल्याचा दर्प पसरला आणि दशरथराव वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत गेले. मग त्याने मेणबत्ती लावून विझवली. मग दाणा पेटवला आणि विझवला. वनमालाबाईंनी हातातला हार मांडीवर ठेवून तिन्ही धूर निरखून हुंगले.

"हाड नाही," त्यांनी निर्वाळा दिला. जयवंत सुटकेचा निःश्वास टाकतो आहे तोच त्या म्हणाल्या, "मग कशाचं?"

इथे नंदकुमार पुढे सरसावला. त्याने आईच्या मांडीवरचा हारच हाती घेतला. जमिनीखालून जे तेल निघते, त्यात अशा माळाच माळा असतात, असे त्याने सांगितले. एकदोन फुलांची माळ असेल तर तो वायू, वाऱ्यावर उडून जाणारा. दहाबारा फुलांची असेल तर ते रॉकेल. वीसतीस फुलांची असेल तर माळ इतकी जड होते, की वाहायचे सोडून थिजते, ते मेण. कारखान्यात काय करतात, तर तेलातल्या माळा तोडून दोनदोन फुलांचे तुकडे करतात आणि ते पुन्हा एकापुढे एक ओवीत सुटतात. शेकडो नव्हे, हजारो. ती जी लांबच लांब माळ होते, तिचा गुंता म्हणजे भाऊजींचा दाणा. फुले तीच, फक्त ओवणे वेगळे. चेंबूरच्या बाजूला तेलशुद्धी कारखान्याच्या चिमणीवर रात्री जी ज्योत जळताना दिसते, तिच्या आसपास ह्या सगळ्याची सुरुवात होते.

वनमालाबाईंना ओवणे कळत होते. त्यांनी हार परत घेतला आणि एक फूल चढवीत म्हटले, "म्हणजे रॉकेलचा भाऊ."

"थोरला भाऊ," नंदकुमार म्हणाला.

जयवंतने ही संधी साधली. गेली पंचवीस वर्षे ह्या घरात गणपतीचे मोदक कशावर उकडले जातात, असे त्याने अत्यंत नम्रपणे विचारले. वनमालाबाईंनी कोपऱ्यातल्या वातीच्या स्टोव्हकडे पाहिले. ज्या रॉकेलच्या ज्योतीवर नैवेद्य शिजतो, त्याच्या सख्ख्या भावाने पाणी वाहून आणले तर देवाची हरकत का असावी, हा त्याचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. सुगंधा दारातून हसली. वनमालाबाईही किंचित हसल्या, आणि गॅलरीतली कळशी आत येणार, असे सर्वांना वाटले. पण ज्या बाईने एकदा मुळाशी जायचे मनावर घेतले आहे, ती अर्ध्या वाटेत थांबत नाही.

"आणि ते तेल कशाचं?" त्यांनी विचारले.

सुगंधाने भावाकडे पाहिले. ते पाहणे एखाद्या आंधळ्यालाही समजले असते. पण वर्गात चाळीस मुलांना जे सांगायचे तेच घरी आईला सांगायचे, ह्या तत्त्वावर नंदकुमार उभा होता.

"मेलेल्या जिवांचं," तो म्हणाला.

"वाट लागली," जयवंत पुटपुटला.

नंदकुमारने बाजू सावरायचा प्रयत्न केला नाही. त्याने फक्त तपशील दिला. बारीक जीव, डोळ्यांना न दिसणारे. बहुतेक शेवाळ्याच्या जातीचे, पण काही प्राण्यांच्याही. समुद्रात जगले, समुद्रात मेले, तळाशी बसले. वर गाळ साचत गेला. त्या भाराखाली आणि पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेत त्यांचे तेल झाले. नुसते शेवाळे म्हणून थांबला असता तरी भागले असते, असे सुगंधा त्याला नंतर कितीतरी दिवस ऐकवत राहिली.

वनमालाबाई पुन्हा हार ओवू लागल्या. जयवंतला वाटले, आपण फणी आणली, मेणबत्ती आणली, एका कारखान्याचे हाड घरातून हुसकून लावले आणि त्याच्या जागी सबंध समुद्राचे मढे आणून ठेवले. त्याला बोलता आले असते. पण आता जे काही बोलायचे ते आपल्या कळशीसाठी असेल, सासूबाईंसाठी नव्हे, असे वाटून त्याने काड्यापेटी खिशात घातली.

वनमालाबाईंनी हाराला गाठ मारली.

"किती वर्षं झाली ह्याला?"

"कोट्यवधी."

"आणि इतका काळ समुद्राखालीच?"

नंदकुमारने देव्हाऱ्याकडे हात केला. तिथल्या तबकात सुपारीखाली दक्षिणेची एक रुपयाची नोट ठेवलेली होती. त्याने ती उलटून आईपुढे धरली. मागल्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभा असलेला तेलाच्या विहिरीचा तराफा छापलेला होता. मुंबईपासून दूर, भर समुद्रात तो असा उभा राहतो आणि तळाच्याही खालून तेल वर काढतो, असे त्याने सांगितले. ती नोट वनमालाबाईंनी आजवर शेकडो वेळा देवापुढे ठेवली होती. मागची बाजू त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि पुन्हा सुपारीखाली सरकवली.

"माझ्या सासूइतकं सोवळं बाईमाणूस मी जन्मात पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "सावलीचासुद्धा विटाळ मानायची. तिच्या अस्थी ह्यांनी समुद्रातच सोडल्या. आपला गणपती दरवर्षी समुद्रातच जातो. समुद्रात एक बुडी मारली की माणूस शुद्ध होतं, आणि ह्या बिचाऱ्यांनी कोट्यवधी वर्षं बुडी मारली. आता त्यांचा कसला विटाळ?"

गॅलरीतून दशरथराव म्हणाले, "म्हणजे पुढेमागे माझ्या आईचीही कळशी होणार म्हणा."

अस्थींचे तेल होत नाही, हे नंदकुमार समजावून सांगू लागला. पण त्याच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते.

"झालीच, तर कुठे गळायची नाही," वनमालाबाई म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या. गॅलरीतून कळशी आत आणताना त्यांनी जयवंतला एकच प्रश्न केला: हिच्यात भंगार तर नाही? जयवंतने यंत्र कसे धुतले, हिरवट आणि पिवळसर कळश्या कशा बाजूला काढल्या, हे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मग सोवळं तुम्हालाही कळतं," त्या म्हणाल्या. देवापुढे मात्र तांब्याची कळशीच बसेल. हिने वाट चालायची आणि उंबरठ्याशी पाणी तिच्या स्वाधीन करायचे, असा निवाडा झाला. तो सर्वांना मान्य होता. जयवंतने पुढे केलेला बेटीचा मेणाचा हात त्यांनी हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी ठेवला, आणि तो कोणत्या देवाचा, हे विचारले नाही.

गौरी आवाहनाच्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती. देवळामागच्या विहिरीवर डोंगरावरल्या आठदहा बायका जमल्या होत्या. वनमालाबाईंनी तेरड्याची पूजा केली, नव्या कळशीच्या गळ्यात दोर बांधला आणि ती विहिरीत सोडली. तांब्याची कळशी पाण्याला लागताच आपसूक कलंडते आणि भरून जाते. हात वर्षानुवर्षे त्या ओढीला सरावलेला असतो. ही कळशी पाण्याला टेकली आणि तशीच उभी राहिली. दोराला हिसका दिला, तर बदकासारखी डोलत पलीकडच्या कडेला गेली. पुन्हा हिसका दिला, तर परत आली. बायका हसू लागल्या. एकीने गळ्यात दगड बांधायला सुचवले. दुसरी म्हणाली, जावयाने कळशी दिली की होडी?

कठड्याशी उभा असलेला जयवंत कानांपर्यंत लाल झाला. पाण्यात बुडत नाही, ह्याच खुणेवर त्याने आजवर माल निवडला होता. आणि विहिरीत बुडल्यावाचून कळशी भरत नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. तो दोर घ्यायला पुढे झाला. वनमालाबाईंनी त्याला डाव्या हाताने मागे सारले.

"तेलाचीच ती," बायकांकडे वळून त्या म्हणाल्या, जणू हे ज्ञान त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. "पाण्यावर तरंगणारच."

त्यांनी दोर सैल सोडला, कळशी आडवी होऊ दिली आणि नेमक्या वेळी झटका दिला. तोंड पाण्यात गेले. कळशी बुडबुडे सोडीत भरू लागली. जयवंतने आणि सुगंधाने मिळून दोर ओढला. पण काठावर आलेली कळशी वनमालाबाईंनी स्वतः उचलली, डाव्या हाताने कडेवर घेतली, आणि उजवा हात तिच्या गळ्यावर नुसता टेकवला. ह्या वेळी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

मागे उभ्या असलेल्या नंदकुमारच्या कपाळावर आठी पडली होती. तेल तरंगते म्हणून कळशी तरंगते, हे अनुमान पुरतेपणी बरोबर नव्हते. रिकामी असती तर तांब्याची कळशीदेखील सरळ ठेवल्यास तरंगली असती, आणि भाराचा नि घनतेचा प्रश्न मुळातून मांडायला हवा होता. त्याने त्यासाठी तोंड उघडले. सुगंधाने ओठांवर बोट ठेवले. गौर उचलली गेली होती, आणि आता उंबरठ्यापर्यंत कोणी बोलायचे नव्हते.

त्याने तोंड मिटले. चढणीची वाट लांब होती. पुढे वनमालाबाई, कडेवर पांढरी कळशी, चाल एवढी झपाट्याची, की मागच्या बायकांना धाप लागली. त्यांच्यामागे तेरडा घेतलेली सुगंधा. तिच्यामागे जयवंत, आणि सर्वांत शेवटी एक बिनतोड मुद्दा तोंडात धरून चालणारा नंदकुमार. कळशीतले पाणी पावलागणिक हिंदकळत होते. एका वळणावर वनमालाबाईंनी मान किंचित वळवून जावयाकडे पाहिले. बोलायची सोय नव्हती. त्यांनी कळशी कडेवर जराशी वर सारली आणि पुढे चालू लागल्या.